पाचशे रुपयांचा डोळा कुणावर रोखायचा?

ईएसपी३२-कॅम हा बोर्ड ज्यांनी हातात घेतला आहे त्यांना त्याचा पहिला प्रोग्रॅम आठवत असेल. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर उघडायचं, 'एक्झाम्पल्स'मधून 'कॅमेरा वेबसर्व्हर' निवडायचा, वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकायचा, बोर्डाचा प्रकार 'एआय थिंकर' करायचा आणि अपलोड. मग ब्राउझरमध्ये एक आयपी पत्ता टाकला की आपलाच चेहरा समोर येतो. थोडा हिरवट, थोडा उशिराने हलणारा. पहिल्यांदा फार भारी वाटतं. त्याच पानावर डावीकडे बटणं असतात. माझ्या पिढीने या उदाहरणाच्या ज्या आवृत्तीवर हात साफ केले, तिच्यात 'फेस रेकग्निशन'चं बटण होतं. ते चालू करून स्वतःचा चेहरा नोंदवला की चित्रावर हिरव्या अक्षरांत उमटायचं, 'हॅलो सब्जेक्ट ०'. शेजारी मैत्रीण येऊन उभी राहिली की लाल अक्षरांत, 'इन्ट्रूडर अलर्ट!'

बास. त्या प्रोग्रॅमच्या जगात माणसांचे दोनच प्रकार. एक सब्जेक्ट, म्हणजे प्रयोगातला नमुना म्हणा किंवा राजाची प्रजा म्हणा. दुसरा घुसखोर. त्यातही त्या कोडमध्ये जास्तीत जास्त सात चेहरे साठवायची सोय होती, म्हणजे सात जण सोडून उरलेली सगळी मानवजात घुसखोर. हे कुणा दुष्ट माणसाने मुद्दाम लिहिलं असेल असं मला वाटत नाही. एखाद्या इंजिनीअरने डेमो उठावदार दिसावा म्हणून दोन ओळी टाकल्या असतील. पण जगभरातल्या लाखो पोरापोरींनी कॅमेऱ्याचा कोड शिकताना गिरवलेला पहिला धडा हा आहे. 'ग म भ न'च्या जागी 'घुसखोर'.

माझं म्हणणं सरळ आहे. हा बोर्ड माणसांवर रोखणं बंद करा. त्या कामात तो भिकार आहे आणि त्या कामाने आपण भिकार होतो. आणि ज्या कामात तो खरोखर कमाल आहे, ते काम नाशिकसारख्या जिल्ह्यात हाताला येईल तिथे पडलेलं आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आगपेटीहून लहान, साधारण चार सेंटीमीटर लांब आणि पावणेतीन सेंटीमीटर रुंद बोर्ड. त्यावर शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ ही चिप, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ आतच. सोबत ओव्ही२६४० नावाचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, मेमरी कार्डाची खाच आणि डोळे दिपवणारा एक पांढरा एलईडी. किंमत पाचशे रुपयांच्या आसपास. यूएसबीचं भोक नाही, त्यामुळे प्रोग्रॅम टाकायला वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि शून्य नंबरची पिन ग्राउंडला जोडायला विसरलं की तासभर डोकं आपटावं लागतं. एवढ्या पैशात पूर्वी नुसता कॅमेराही आला नसता. त्यामुळे आज अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये कॅमेरा असेल तर दहातल्या नऊ वेळा तो हाच असतो, असा माझा अंदाज आहे.

तर, प्रोजेक्ट. मागच्या वर्षी नाशिकमधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेले होते. कॉलेजचं नाव महत्त्वाचं नाही, कारण दुसऱ्या कॉलेजात गेले असते तरी हेच दिसलं असतं. नऊ गटांनी हा बोर्ड वापरला होता. स्मार्ट हजेरी, स्मार्ट डोअरबेल, स्मार्ट लॅब सुरक्षा, चालकाला डुलकी लागली की भोंगा, परीक्षेत मान वळली की भोंगा. एक प्रोजेक्ट चक्क 'महिला सुरक्षा' या नावाखाली मुलींच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कॅमेरा लावायचा होता. गटात चार मुलगे. हॉस्टेलमधल्या एकीला तरी विचारलं होतं का, असं मी विचारलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्न त्यांना अवघड गेला नव्हता, तो त्यांना नवा होता.

नवव्या गटाने पुठ्ठ्याच्या खोक्यात बोर्ड उलटा टांगून कांद्याची प्रतवारी केली होती. गटातला एक जण लासलगावकडचा. खालून कांदे सरकायचे, वरून फोटो, व्यास मोजून लहान, मध्यम, गोलटी असा निकाल. मला तो सगळ्यात आवडला. माझ्या शेजारी बसलेल्या परीक्षकांनी त्यांना विचारलं, "यात सिक्युरिटी ॲप्लिकेशन काय आहे?"

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रोजेक्टचं किट विकणारे दुकानदार बोर्ड, कोड, रिपोर्ट आणि पीपीटी एकत्र बांधून देतात, आणि त्यांच्या यादीत जे असतं तेच प्रदर्शनात येतं. पण यादीत हेच का असतं? आपल्या भाषेत कॅमेऱ्याच्या कामाला किती शब्द आहेत बघा. पाहणं, बघणं, न्याहाळणं, निरखणं, टेहळणं, पाळत ठेवणं. यातला शेवटचा शब्द आपण 'सुरक्षा' या नावाने इतका मोठा केला आहे की बाकीचे पाच कॅमेऱ्याला लागू पडतात हेच विसरलो. न्याहाळायला वेळ लागतो आणि थोडी माया लागते. पाळत ठेवायला नुसता संशय पुरतो.

आता तांत्रिक बाजू, कारण 'तुझं नैतिक प्रवचन राहू दे, काम होतंय ना' हा युक्तिवाद मला ऑफिसमध्ये रोज ऐकू येतो. काम होत नाही.

चोर रात्री येतो. ओव्ही२६४० चा सेन्सर एवढासा आहे की संध्याकाळी सातनंतर त्याला चोर आणि वाळत घातलेली साडी यांत फरक कळत नाही. भिंगामागे इन्फ्रारेड गाळणारी काच असते, त्यामुळे स्वस्तातले इन्फ्रारेड एलईडी लावूनही उपयोग नाही. पांढरा एलईडी लावावा, तर तो ज्या चार नंबरच्या पिनवर आहे तीच पिन मेमरी कार्डालाही जोडलेली आहे. फोटो कार्डावर लिहायला घेतला की दिवा आपोआप लुकलुकतो, म्हणजे पहारेकरी दर वेळी चोराला डोळा मारतो. वायफाय सुरू होताना बोर्ड झटक्यात जास्त करंट ओढतो. चार्जर स्वस्त असेल किंवा वायर लांब असेल तर 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' असा संदेश देऊन तो पुन्हा पहिल्यापासून चालू होतो, आणि होतच राहतो. शिवाय वायफायवरचा कोणताही साधा कॅमेरा त्याच किमतीच्या दुसऱ्या एखाद्या बोर्डाने नेटवर्कवरून हाकलून लावता येतो. ती युक्ती शिकवणारे व्हिडिओ तर कॅमेरा शिकवणाऱ्या व्हिडिओंच्या शेजारीच असतात.

हजेरीचं काय? चेहरा ओळखायचा तर त्या उदाहरणात चित्र चारशे बाय दोनशे शहाण्णव किंवा त्याहून लहान करावं लागायचं. एक लाख अठरा हजार पिक्सेल. प्रदर्शनात मी एका मुलाच्या मोबाइलवर त्याच्या मित्राचा इन्स्टाग्रामवरचा फोटो उघडून बोर्डासमोर धरला. मित्र हजर झाला. त्या गटाने माझ्यासोबत मनापासून हसून घेतलं आणि पुढच्या परीक्षकांना प्रोजेक्ट पुन्हा 'फूलप्रूफ' म्हणूनच सांगितला. प्लेसमेंटची सवय आत्तापासून लागलेली बरी.

म्हणजे हा बोर्ड चोर पकडू शकत नाही. मग तो कुणाला पकडतो? जो पळून जाऊ शकत नाही त्याला. कामवाल्या मावशींना, हॉस्टेलच्या मुलींना, मजुरांना, लहान मुलांना. दिवसाउजेडी, घरातल्या वायफायच्या टप्प्यात, हात-दोन हातांवर असलेल्या माणसाला.

आणि हे चित्र नेमकं कोण बघतं? कॅमेरा वेबसर्व्हरच्या मूळ कोडमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही. वायफायवर जो कुणी आहे त्याने पत्ता टाकला की चित्र सुरू. घराबाहेरून बघता यावं म्हणून पोरं राउटरचा पोर्ट उघडतात, तोही पासवर्डशिवाय, आणि मग ते चित्र अख्ख्या जगाला मोकळं होतं. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असे ढिसाळ पासवर्डचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या बड्या वेबसाइट्स काही तास बंद पाडल्या. तो तरी निर्जीव उपद्रव म्हणावा. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या सीसीटीव्हीची चित्रं, तपासणीसाठी आलेल्या बायकांची, यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला निघाली. तिथेही कॅमेरा सुरक्षेसाठीच लावला असणार. मी ट्रायल रूममध्ये गेल्यावर आधी हुक, स्क्रू आणि आरसा तपासते. माझ्या वयाच्या बहुतेक मुली तपासतात. म्हणून 'अगं, छंद आहे, खेळणं आहे' असं मला कुणी सांगू नये. ते खेळणं कुठल्या स्क्रूमागे मावतं हे मला मिलिमीटरमध्ये माहीत आहे.

कायदा आहे. चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाखाली गुन्हा आहे, आधी तो दंड संहितेच्या ३५४-सी मध्ये होता. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणीतून जावं लागतं. पण सुटा बोर्ड 'सीसीटीव्ही' म्हणून विकलाच जात नाही. तो 'डेव्हलपमेंट बोर्ड' आहे, त्याचा कॅमेरा आपण करतो. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. घरात काम करणाऱ्या बाईचं चित्रण घरगुती की तिच्या कामाच्या जागेचं, हा वाद कधीतरी कोर्टात होईल. तोवर स्वयंपाकघराच्या कपाटावर बसलेल्या या बोर्डाला विचारणारं कुणी नाही.

हे सगळं माझ्या घरापर्यंत आलं ते मामांमुळे. त्यांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांचा फोन आला.

"अगं, तुझ्या त्या बारक्या कॅमेऱ्यांतले चार दे बरं बसवून. टोळी आली की लावू."

"चोरी होते का, मामा?"

"चोरी नाही गं. बसतात. मी गावात गेलो की सगळी टोळी मांडवाखाली बसती."

टोळी म्हणजे पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला येणारी आदिवासी कुटुंबं. नाशिकची द्राक्षं ज्यांच्या हातून जातात ती माणसं. छाटणी, काडी विरळणी, घडांची विरळणी, डिपिंग, खुडा, सगळं तेच करतात. बायका मांडवाच्या अँगलला झोळी बांधून त्यात पोर निजवतात आणि मधे मधे वेलीच्या आडोशाला बसून त्याला पाजतात. मामा म्हणतात ते 'बसणं' बऱ्याचदा हे असतं. त्या आडोशावर चार कॅमेरे. चित्र जाणार मामांच्या मोबाइलवर, मामेभावाच्या मोबाइलवर, आणि वायफायचा पासवर्ड ज्या ज्या पोराला माहीत आहे त्याच्या मोबाइलवर.

मी नाही म्हटलं. मामा चिडले. त्यांची बाजू मला कळते, आणि ती इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बागेवर कर्ज आहे, औषधांचे भाव चढलेत, ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला की वर्ष जातं. विरळणी दोन दिवस लांबली तर घडाचा आकार बिघडतो आणि निर्यातीचा माल लोकल बाजारात जातो. या सगळ्या गोष्टींत त्यांच्या ताब्यात असलेली एकच गोष्ट आहे, मजूर. म्हणून सगळा घोर मजुरांवर निघतो. पावसावर पाळत ठेवता येत नाही.

खरं तर ठेवता येते, आणि इथूनच माझा मुद्दा सुरू होतो.

हा बोर्ड ज्या गोष्टींमुळे वाईट पहारेकरी ठरतो, त्यातली एकही गोष्ट त्याला चांगला निरीक्षक होण्यापासून अडवत नाही. सेकंदाला पंचवीस चित्रं जमत नाहीत? तासाला एक लागतं. अंधारात दिसत नाही? झाड दिवसा बघायचं. वायफाय तुटतं? वायफाय नकोच, कार्डावर लिही. जर्मनीतल्या एका हौशी प्रोग्रॅमरने सुरू केलेला 'एआय ऑन द एज' हा मुक्त प्रकल्प याच बोर्डाने पाण्याच्या मीटरचे आकडे वाचतो. चित्र बोर्डावरच वाचलं जातं आणि बाहेर जातो तो फक्त आकडा. गंगापूर धरण भरलेलं असूनही उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या आमच्या सोसायटीला गेटवरच्या चार कॅमेऱ्यांपेक्षा मीटरवरचा हा एक जास्त उपयोगी पडेल. मीटिंगमध्ये मांडून पाहिलं. गेटवर आता पाच कॅमेरे आहेत.

एका जागी कॅमेरा ठेवून रोपाकडे बघत बसण्याची कल्पना नवी अजिबात नाही. ती ज्याने इथे करून दाखवली त्याच्या नावाचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे आणि तिथे आपण शाळेच्या सहलीला जाऊन आलो आहोत. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. मृत्यू १९४४, नाशिक. १९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवं, आणि भांडवल देणाऱ्याला हे यंत्र काय करू शकतं ते दाखवायला हवं. फाळक्यांनी काय दाखवलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत. 'अंकुराची वाढ'. त्यावर पैसे मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

या गोष्टीतली मला आवडणारी बाजू भारतीय सिनेमाच्या जनकाबद्दलची नाही. ती एका खटपट्या माणसाबद्दलची आहे. यंत्र बाहेरून आणलेलं, शिकवायला कुणी नाही, फिल्मला भोकं पाडण्यापासून धुण्यापर्यंतचं काम घरात, आणि त्यात सरस्वतीबाईंचा हात. आज आपण ज्याला 'मेकर' म्हणतो आणि कार्यशाळेची फी घेतो, ते हेच. त्या माणसाला कॅमेरा कुणावर रोखायचा याची पूर्ण मोकळीक होती. त्याने वाटाण्यावर रोखला. आपल्याला तसाच कॅमेरा पाचशे रुपयांत मिळतो आणि आपल्याला कामवाली बाई दिसते.

मामांना मी शेवटी एक बोर्ड बसवून दिला, घडासमोर. त्यासाठी एक युक्ती लागते. या कॅमेऱ्याचं भिंग कारखान्यात गोंद लावून पक्कं केलेलं असतं, हात-दोन हातांपासून पुढचं नीट दिसेल अशा बेताने. ब्लेडने तो गोंद हळूच तोडायचा आणि भिंग बारीक पकडीने थोडं उलटं फिरवायचं. मग माणूस धूसर होतो आणि वितीवरचा मणी स्वच्छ दिसायला लागतो. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसती बोटावरच्या रेघा बघत बसले होते.

प्लास्टिकचा डबा, १८६५० चा एक सेल, छोटा सोलर पॅनेल, मेमरी कार्ड. पहाटे सहा ते संध्याकाळी सहा, तासाला एक फोटो. छाटणीपासून खुड्यापर्यंत साधारण एकशे तीस दिवस, म्हणजे सोळाशे-सतराशे फोटो, एका साध्या कार्डात सहज मावतात. मधल्या वेळात बोर्ड झोपतो. खरं सांगायचं तर नीट झोपत नाही. चिप स्वतः अगदी नगण्य करंट घेते, पण बोर्डावरचे रेग्युलेटर काही मिलिअँपिअर पीत राहतात. म्हणून पॅनेल लागतोच.

काय दिसलं? चमत्कार काही नाही. पोंगा फुटताना दिसला. फुलोऱ्याची टोपडी गळताना दिसली. मणी धरल्यावर काही दिवस काहीच होत नाही असं वाटायचं, ते पळवून बघितलं की घड श्वास घेतल्यासारखा फुगताना दिसला. मामींनी ती चित्रफीत जावेला दाखवली, जावेने माहेरी पाठवली. पण कामाची गोष्ट वेगळीच होती. नाल्याकडच्या कोपऱ्यात दुसरा बोर्ड टांगला, तेव्हा तिथल्या पानांवरचं दव वरच्या अंगापेक्षा बऱ्याच उशिरापर्यंत टिकतं हे फोटोंत सरळ दिसलं. पान जितकं जास्त वेळ ओलं तितका डाउनीला वाव, हे प्रत्येक बागायतदाराला पाठ असतं. आपल्या बागेत ते नेमकं कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे मामांनी तीस वर्षं अंदाजाने ठरवलं होतं. आता त्यांच्याकडे तारीखवार चित्रं आहेत. त्या कोपऱ्यातल्या फांद्यांची विरळणी त्यांनी आधी करून घेतली. टोळीकडूनच, आणि का करायची ते त्यांना फोटो दाखवून सांगितलं. त्यातल्या एका आजींनी सांगितलं की हे त्यांना माहीतच होतं, तिथे सकाळी काम करताना पदर भिजतो. मामांनी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

न्याहाळणं आणि पाळत यांतला फरक बिबट्याच्या बाबतीत आणखी ठळक दिसतो, आणि नाशिककरांना बिबट्या नवा नाही. एखाद्या बंगल्याच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसतो, क्लिप दहा मिनिटांत शंभर ग्रुपवर जाते, लोक काठ्या घेऊन गोळा होतात, आणि गर्दी बघून बिथरलेलं जनावर कुणालातरी जखमी करतं. याउलट आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले ते मोजण्यासाठी. अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या वेगळा ओळखला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाचेक प्रौढ बिबटे, दाट मनुष्यवस्तीत, माणसांशेजारी राहत होते. एका कॅमेऱ्याने 'घुसखोर' म्हणून बोंब मारली. दुसऱ्याने सांगितलं की हे इथलेच रहिवासी आहेत, आता काय करायचं ते शांतपणे ठरवा.

आता सिंहस्थ. २०२७ साठी शहर खणून ठेवलं आहे आणि कॅमेरे, कंट्रोल रूम, एआय हे शब्द प्रत्येक बैठकीच्या बातमीत आहेत. गर्दीचा प्रश्न खरा आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ माणसं मेली. तेव्हा आम्ही लहान होतो, पण घरातल्यांचे चेहरे आठवतात. अशा ठिकाणी 'नजर नको' म्हणणं बेजबाबदारपणा होईल. पण २०१५ च्या कुंभासाठी याच शहरात 'कुंभथॉन' झाली होती. एमआयटीत कॅमेऱ्यांवरच संशोधन करणारे आणि मूळचे नाशिकचे रमेश रासकर त्यामागे होते. तिथे नाशिकच्या पोरांनी गर्दी मोजायला जे बनवलं त्यात कॅमेराच नव्हता. ती एक चटई होती, आत दाब ओळखणारे सेन्सर. माणसं तिच्यावरून चालत गेली की पावलं मोजली जायची. नाव 'आशिओतो', जपानीत पावलांचा आवाज. किती माणसं गेली हे कळतं, कोण गेलं हे कळत नाही. चेंगराचेंगरी टाळायला पहिल्या माहितीची गरज आहे. दुसरी माहिती ज्याला हवी आहे त्याने गर्दीचं कारण पुढे करू नये, स्वतःचं कारण सांगावं.

अंतिम वर्षाच्या मुलामुलींनो, हे थेट तुमच्यासाठी. गाइडने 'फेस रेकग्निशन घ्या, मार्क मिळतात' म्हटलं तर त्यांना एकच विचारा, ज्याचा चेहरा आहे त्याला विचारायचं कलम रिपोर्टच्या कोणत्या प्रकरणात घालू? आणि गाइड मंडळींनो, 'सिक्युरिटी ॲप्लिकेशन काय' हा प्रश्न वर्षभर बंद ठेवून बघा. कांद्याच्या चाळीत बुरशी कुठून सुरू होते, गोदावरीला फेस कोणत्या नाल्यातून आणि किती वाजता येतो, गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलाची पिल्लं किती दिवसांत उडतात, सोसायटीच्या टाकीची पातळी रात्री का उतरते. यातल्या कोणत्याही गोष्टीसमोर हा बोर्ड महिनाभर टांगायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात तुमचं हजेरीचं किटही येत नाही.

मामांकडे या छाटणीला सहा बोर्ड लागणार आहेत. शेजारच्या दोन बागांनीही मागितलेत, त्यातल्या एकाने अजून 'मजुरांकडे पण थोडा वळवता येईल ना' असं विचारलं आहे आणि त्यांच्याशी बोलणं चालू आहे. दोन अडचणी सुटलेल्या नाहीत. एक, पहाटे डब्याच्या काचेवर आतून बाष्प धरतं आणि सहा-सातचे फोटो धुक्यात जातात. सिलिका जेलच्या पुड्या दोन आठवडे टिकतात, मग बदलाव्या लागतात. दोन, तो झोपेतला करंट. रेग्युलेटर काढून बोर्ड थेट सेलवर चालवून बघितलेलं कुणी असेल, किंवा कॅमेऱ्याची वीज मधल्या वेळात मॉस्फेटने पूर्ण तोडून त्याला नीट जागा केलेला असेल, तर सर्किट पाठवा. पहिले पंधरा दिवस पोंग्याचे असतात, त्याआधी डबे टांगून व्हायला हवेत.